विझवायला कोण जाणार?

"तुमचे दोस्त जंगलात होरपळले आणि तुम्ही इथे कथा वाचत बसता?"

हा प्रश्न आम्हांला बोदलकसाच्या तलावाच्या पाळीवर विचारण्यात आला. विचारणारे गृहस्थ आमच्याच समाजातले, शिकलेले, दोन-चार संस्थांवर पदाधिकारी. सहकुटुंब तलाव पाहायला आले होते. आम्ही पाच-सहा जण नेहमीप्रमाणे सावलीला सतरंजी टाकून बसलो होतो आणि आमच्यातला एक जण आपली नवी कथा वाचत होता. त्या कथेत जंगल नव्हते, आगही नव्हती. आईमागे राहिलेल्या एका शिलाई मशीनवरून दोन बहिणींत लागलेल्या भांडणाची ती कथा होती. गृहस्थांनी उभ्याउभ्या पाच मिनिटे ऐकले, वरचा प्रश्न टाकला आणि डब्यातली बिर्याणी खायला निघून गेले.

त्या दिवशी आम्हांला उत्तर सुचले नाही. पण हा प्रश्न त्या एका गृहस्थाचा नाही. मोहल्ल्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, साहित्याच्या बैठकीतही तो आमच्या वाट्याला येतो. म्हणून त्याचे उत्तर या पानांवर देणे आम्ही आपले काम समजतो.

आधी आम्ही कोण, ते सांगतो. आमच्यापैकी दोघे उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतात. एक फोटो स्टुडिओ चालवतो. एकाचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दोघे तिरोडा तालुक्यातल्या जंगलालगतच्या गावांतले. शेती थोडी, त्यामुळे उन्हाळ्यात वनखात्याच्या हंगामी मजुरीवर जातात. ते दोघे मुसलमान नाहीत आणि लेखकही नाहीत, पण आमच्या बैठकीतले सर्वांत जुने श्रोते तेच. आम्ही घरी उर्दू-हिंदी बोलतो, शाळेत उर्दूतून शिकवतो आणि लिहितो मराठीत. हा आमचा संसार ज्यांना विचित्र वाटत नाही, अशा थोड्या माणसांत हे दोघे येतात.

बोदलकसा हे तिरोडा तालुक्यातले छोटे गाव. शंभर वर्षांहून जुना बांध, टेकड्यांच्या कुशीत अडवलेले पाणी, थोड्या अंतरावर चोरखमाऱ्याचा तलाव आणि पलीकडे नागझिऱ्याचे रान. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात आणि त्यांच्यामागून गोंदिया-नागपूरचे पर्यटक. मार्चपासून सागाची पाने गळून जमिनीवर गुडघाभर पाचोळा साचतो. पर्यटकाला तेव्हा जंगल उदास दिसते. आमच्या या दोन मित्रांना मात्र तेव्हा ते चूल पेटवण्याआधी रचलेल्या सरपणासारखे दिसते.

८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर जळून मेले आणि दोघे गंभीर भाजले. आग आटोक्यात आल्यासारखी वाटत असतानाच वारा फिरला आणि डोंगरउतारावरच्या माणसांना तिने घेरले. त्या दिवशी त्या ठिकाणी आमचे मित्र नव्हते. त्यांतला एक त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका, वर्तमानपत्रात न आलेल्या आगीत भाजला. उजवा हात कोपरापर्यंत आणि उजवी पोटरी. दुसऱ्याला खरचटलेसुद्धा नाही. पण घरच्या चुलीचा धूर नाकात गेला की तो अजूनही अर्ध्या रात्री उठून अंगणात येऊन उभा राहतो. बरे होणे म्हणजे काय, ते आम्ही या दोघांकडून शिकलो. भाजलेली कातडी भरून येते तेव्हा ती आखडते. मूठ मिटत नाही. उन्हात जाता येत नाही, आणि ज्याची रोजी उन्हातच आहे त्याला कोणी सावलीत बसायचे पैसे देत नाही. दवाखान्याने सुट्टी दिली त्या दिवशी हे सगळे सुरू होते, संपत नाही.

आता त्या प्रश्नाकडे येऊ.

दुःखाच्या काळात लेखकाने लेखणी खाली ठेवावी, असे जे म्हणतात त्यांना आम्ही विचारतो: आणखी कोणी काय खाली ठेवले? त्या तीन मजुरांच्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, आयपीएल सुरू झाले. मोहल्ल्यातल्या एकाही टीव्हीपुढे जाऊन कोणी म्हणाले नाही की शेजारच्या तालुक्यात मय्यती झाल्या आहेत, बंद करा. गोंदियाच्या राईस मिल थांबल्या नाहीत. विड्यांची पाने कापणाऱ्या कात्र्या थांबल्या नाहीत. १४ एप्रिलला एकाच दिवशी रमजान लागला आणि कोरोनाचे कडक निर्बंधही, तेव्हा जे थांबले ते रोगाच्या भीतीने थांबले, शोकाने नव्हे. मग थांबण्याचे फर्मान एकट्या कथा-कवितेलाच का? कारण उघड आहे. आपल्या समाजात लिहिणे हे अजून काम समजले जात नाही. तो शौक समजला जातो, आणि शौक मय्यतीच्या घराजवळ शोभत नाही. पोटापाण्याचे काम चालू ठेवणारा माणूस जबाबदार आणि लिहिणे चालू ठेवणारा बेदर्द, हा हिशेब त्यातून येतो.

सोगाचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरातली रीत आठवून पाहू. मय्यतीच्या घरी तीन दिवसांचा सोग. विधवेची इद्दत सोडली तर शोकालाही मुदत आहे. आणि त्या तीन दिवसांत शेजाऱ्याने काय करायचे? गप्प बसून आपली गमगीन सुरत दाखवायची? नाही. त्या घरी चूल पेटणार नाही, म्हणून खाणे पोचवायचे. शेजाऱ्याच्या दुःखाचे माप त्याच्या चेहऱ्यावरून घेत नाहीत, पोचवलेल्या खाण्यावरून घेतात. हेच माप आम्हांला लावा. आम्ही काय पोचवले ते विचारा. कथा वाचली की नाही, हे विचारू नका.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू याहून गोड बोलते, म्हणून जास्त घातक आहे. ती म्हणते, "लिहा, जरूर लिहा, पण वणव्यावर लिहा. तुमच्या तर डोळ्यांसमोर घडले! ताजे आहे तोवर येऊ द्या." नागझिऱ्याच्या बातमीनंतर चौथ्या दिवशी आमच्यातल्या एकाला असा फोन आला. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळे गेली होती. त्या दिवशी मावळतीच्या आत मोबाईलवर कोमेजलेल्या कळ्यांच्या कवितांचा पूर आला. त्यांतल्या दोन आमच्या होत्या, हे कबूल करतो. त्या आज वाचल्या तर त्यांत एकही बाळ दिसत नाही, एकही आई दिसत नाही. दिसतो तो फक्त रडणारा कवी.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. मित्र बरे होत आहेत तोवर त्यांची आग आम्ही लिहिणार नाही. ती त्यांची आहे. सांगायची की नाही, कधी सांगायची, कोणाला सांगायची, हे ते ठरवतील. माणसाच्या अंगावरची पट्टी सुटायच्या आत तिची कविता करणे ही संवेदनशीलता नव्हे, घाई आहे. तिचा फायदा कवीला होतो. ज्याच्या अंगावर पट्टी आहे त्याला तिच्यातून मलमाची एक नळीसुद्धा मिळत नाही.

उर्दू शिकवणारे म्हणून आमच्यापुढे येथे मंटोचे उदाहरण टाकले जाईल, हे आम्ही जाणतो. फाळणीची प्रेते अजून निवली नव्हती, तेव्हा १९४८ मध्ये त्याचे 'सियाह हाशिये' आले. त्याने मेलेल्यांच्या खिशांत हात घातला, असा आरोप तेव्हा त्याच्यावर झाला. मग मंटो चुकला का? आमचे उत्तर असे: मंटोने मेलेल्याचा हुंदका स्वतःच्या गळ्यातून काढला नाही. त्याने मारणाऱ्याकडे, लुटणाऱ्याकडे, बघत उभ्या राहणाऱ्याकडे पाहिले. बळीच्या नावाने रडून त्याने वाहवा घेतली नाही. आगीवर लिहायचेच असेल तर हे कठीण काम करावे. आग कोणी लावली, का लावली, आणि विझवायला कोणाला पाठवले, ते लिहावे. पण त्यासाठी चार दिवस पुरत नाहीत आणि 'निसर्गाचा कोप' हे दोन शब्द तर मुळीच चालत नाहीत.

कारण आमच्याकडचा वणवा निसर्गाच्या कोपाने लागत नाही. पानगळीच्या जंगलातली जवळजवळ प्रत्येक आग माणसाच्या हातून लागते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल पडते. ते पाचोळ्यात हरवू नये म्हणून झाडाखालची पाने जाळून जागा साफ करतात. त्यातली एखादी ठिणगी मागे राहते. तेंदूच्या झुडपांना नवी कोवळी पालवी फुटावी म्हणूनही रान पेटवले जाते, कारण पान चांगले आले तर भाव चांगला. कधी फेकलेली विडी असते. उपग्रहाने हेरलेल्या आगीचा इशारा देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून मोबाईलवर येतो. पण त्या ठिपक्यापर्यंत पायी जायचे ते हंगामी मजुराने. हातात हिरव्या डहाळ्या, फार तर पाने उडवणारे यंत्र. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. तेवढ्या दिवसांची मजुरी, पुढे तुझे तू बघ.

आणि ते तेंदूचे पान जाते कुठे? आमच्याच घरात. आमच्यापैकी दोघांच्या अम्मींनी सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या. हजारी विड्यांवर मजुरी. त्या मजुरीतून आमच्या बी.एड.ची फी भरली गेली. तेव्हा जंगलातल्या आगीबद्दल लिहिताना आम्ही लांबून पाहणारे उरत नाही. ज्या पानासाठी रान पेटते त्या पानावर आम्ही शिकलो. मोहफूल वेचणाऱ्या बाईला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. वर्षातल्या त्या थोड्या आठवड्यांच्या कमाईवर तिचे घर चालते, हे आम्हांला आमच्या घरावरून कळते. यावर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. ते आम्ही लिहू. पण ते आमच्या मित्राच्या हातावरच्या वळांमधून लिहिणार नाही.

आता आमच्याच पदरातली चूक सांगतो. 'वणवा' हा शब्द आपल्या मराठी कवितेत किती वेळा येतो, हे मोजून पाहावे. विरहाचा वणवा, क्रांतीचा वणवा, विचारांचा वणवा. उर्दूत आम्ही मुलांना मुहावरा शिकवतो: खबर जंगल की आग की तरह फैल गई. मराठीतही बातमी वणव्यासारखीच पसरते. आमच्या बैठकीतल्या एकाची फार वर्षांपूर्वीची कविता होती. तिचा आशय असा, की आम्ही उपेक्षित आता वणवा होऊन पेटू आणि तुमचे महाल खाक करू. संमेलनात तिला टाळ्या पडत. बोदलकसाच्या पाळीवर त्याने ती पुन्हा म्हटली तेव्हा आमचा हा जंगलवाला मित्र, अजून धडधाकट होता, शांतपणे म्हणाला, "सर, सारेच वणवा झाले तं इझवाले कोन जाईल?"

आम्ही हसलो. त्याला हसण्यावारी नेले. पुढच्याच उन्हाळ्यात तो गेला विझवायला.

त्या एका वाक्याने आमच्या डोक्यातली निम्मी कविता रद्द झाली. वणव्यात महाल जळत नाहीत. महाल सिमेंटचे असतात आणि जंगलापासून लांब असतात. वणव्यात जळते ते गवत, पाखरांची अंडी, पळू न शकणारी पिले, आणि आमच्या मित्रासारख्या माणसांचे हात. जंगलातली आग रात्री कितीतरी वेळ मुंग्यांच्या रांगेसारखी जमिनीवरून हळू सरकत असते, आणि वारा मिळाला, चढ मिळाला की धावत सुटते, असे तोच सांगतो. आमच्या मुहावऱ्यात त्यातले फक्त धावणे आले, कारण शब्द वापरणाऱ्यांपैकी कोणी तिच्यामागून चालले नव्हते. मराठी वाचकाला नागझिरा माहीत झाला तो व्यंकटेश माडगूळकरांमुळे, नवेगावबांध माहीत झाला तो मारुती चितमपल्लींमुळे. त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्या रानात उन्हाळ्यात जाळरेषा काढणाऱ्या माणसाचे स्वतःचे पुस्तक अजून यायचे आहे. ते येईल तेव्हा आमच्या 'वणवा' कवितांची किंमत त्याच्यापुढे ठरेल. तोवर हा शब्द आम्ही ज्याचा त्याला परत केला आहे. क्रांतीसाठी दुसरा शब्द शोधू.

आणि हे एकट्या गोंदियाचे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये केरळात त्रिशूर जिल्ह्यात तीन वनरक्षक मजूर असेच गेले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात बिनसरच्या अभयारण्यातही माणसे अशीच गेली. जागा बदलते, मरणारा माणूस तोच असतो: कमी पगाराचा, शेवटच्या रांगेतला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या आसपास आग लागली तेव्हा मोहल्लेच्या मोहल्ले जळाले, त्यांत लेखक-कलावंतांची घरेही होती. तेव्हा जगभर लोकांना ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेची आठवण झाली. ती त्याच भागात वाढलेली. १९९३ मध्ये तिने एक कादंबरी लिहिली होती, तिच्यात २०२४ नंतरचे जळते कॅलिफोर्निया आहे. ती बाई आगीनंतर चार दिवसांनी लिहायला बसली नव्हती. तीस वर्षे आधी, कोणी मागितले नसताना, आपले लिहीत होती. लेखन चालू ठेवण्याचा अर्थ आम्ही असा घेतो. कोणते लिखाण कोणाच्या कोणत्या दिवशी उपयोगी पडेल, ते लिहिणाऱ्याच्या हातात नाही. चालू ठेवणे मात्र त्याच्या हातात आहे.

पण केवळ चालू ठेवणे पुरत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आम्ही काय पोचवले, असे विचारा, म्हणालो होतो. तर सांगतो. मित्राच्या उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळावी म्हणून जो अर्ज करावा लागला, तो आम्ही लिहिला. तो तीनदा परत आला. एकदा आधार कार्डावरचे नाव आणि हजेरीपटावरचे नाव यांत एका वेलांटीचा फरक होता. एकदा आगीच्या दिवशीची हजेरीच लावलेली नव्हती. एकदा कागद सापडत नव्हता. प्रत्येक वेळी आम्ही तो नव्याने लिहिला. आगीची वेळ, वाऱ्याची दिशा, कोण कुठे उभे होते, कोणत्या गाडीतून दवाखान्यात नेले, सगळे सरळ मराठीत, एकही विशेषण न घालता. आमच्या उर्दू शाळेतल्या मराठीला हसणारे पुष्कळ भेटले, पण त्या अर्जातल्या एका वाक्यावरही कोणाला बोट ठेवता आले नाही. आमचे सर्वांत काळजीपूर्वक वाचले गेलेले मराठी लेखन कोणते, असे विचाराल तर ते तो अर्ज. पैसे उशिरा मिळाले, मागितले त्याहून कमी मिळाले, पण मिळाले.

लेखणी खाली ठेवली असती तर तो अर्ज कोणी लिहिला असता? ज्या हाताला रोज लिहायची सवय आहे तोच हात गरजेच्या वेळी सरळ वाक्य लिहू शकतो. शिक्षक म्हणून आम्ही हे खात्रीने सांगतो. सुलेखनाची वही वर्षभर न भरणाऱ्या मुलाचे अक्षर परीक्षेच्या दिवशी सुधारत नाही.

आता शेवटची गोष्ट, जी त्या गृहस्थांना त्या दिवशी सांगायची राहिली. त्या शिलाई मशीनच्या कथेचा पहिला भाग आम्ही आमच्या मित्राला २०२१ च्या मे महिन्यात फोनवर वाचून दाखवला होता. भेटायला जायला बंदी होती. पट्टी बदलताना त्याला दुखायचे, आणि त्या वेळी कोणीतरी काहीतरी बोलत राहावे, असे त्याच्या बायकोने सांगितले होते. आगीचे बोलायचे नव्हते. कोरोनाचे बोलायचे नव्हते. मग आमच्यातल्याने हाताशी असलेली अर्धी कथा वाचायला घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानेच फोन केला आणि विचारले, "थ्या मशीनचा का झाला, सर? लहानीनं नेली का मोठीनं?" कथा तेवढीच लिहून झाली होती. रोज रात्री पुढचे पान लिहावे लागले, कारण सकाळी पट्टी बदलायची असे. ती कथा तेव्हा घाईत संपवली होती, म्हणून नंतर ती पुन्हा लिहिली, आणि नवा खर्डा पाळीवर वाचायचा हट्टही त्याचाच होता.

तो त्या दिवशी सतरंजीवर आमच्यातच बसला होता. ऐन उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही. त्यांची काळजी आमच्या 'होरपळलेल्या दोस्तां'विषयी होती, आणि दोस्त त्यांच्यापासून दोन हातांवर होता.

म्हणून आमच्या लिहिणाऱ्या भावा-बहिणींना आमचे एवढेच म्हणणे आहे. आपत्ती आली की आधी जाऊन विचारा, कोणता कागद अडला आहे. तो लिहून द्या. आपत्तीवर कविता मागणाऱ्याला नकार द्या, मग तो संपादक कितीही जवळचा असो. आणि आपली अर्धी राहिलेली कथा पूर्ण करा. ती आगीवरची नसली तरी चालेल. ऐकणारा वाट पाहत असतो.

ते गृहस्थ गेल्यावर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग आमच्या मित्राने डाव्या हाताने सतरंजीवरचे वाळलेले पान झटकले आणि म्हणाला, "वाचा ना सर. मोठी बहीण बोलली, मंग?"

पुढचे पान वाचायला घेतले.